पोटाचं काही नव्हतं

गेल्या आठवड्यात बेळगावच्या वडगावात एका लग्नाला गेले होते. पंगतीत एक काकी कॉलेजातल्या एका पोरीला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अंग धरलंस की ग! आता नवरा पण तसाच बघायला पाहिजे." सगळे हसले, पोरगीही हसली. तिनं ताटातला मांडा संपवला, वर कुंदा मागून घेतला आणि पंगत उठायच्या आधीच कार्यालयाच्या मागच्या बाजूला निघून गेली. हात धुवायलाच गेली असेल, मला काय माहीत. पण मी ती परत येईपर्यंत दाराकडं बघत बसले. का बसले, ते आज लिहिते. दोन वर्षं लिहीन लिहीन म्हणतेय.

मला बुलिमिया होता. एकोणिसाव्या वर्षी सुरू झाला, सव्विसाव्या वर्षी उपचार सुरू झाले.

बुलिमिया म्हणजे खादाडपणा नव्हे. आवडलं म्हणून दोन घास जास्त खाणं वेगळं. यात माणूस थोड्या वेळात, बहुतेक वेळा लपून, चव कळायच्या आत खात सुटतो आणि थांबणं हातात राहत नाही. मग वजनाची भीती अंगावर येते, आणि खाल्लेलं "फेडायला" उलटी, जुलाबाची औषधं, कडक उपास, नाहीतर जीव जाईस्तोवर व्यायाम. हे चक्र सरासरी आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं आणि स्वतःची किंमत वजनाच्या काट्यावर ठरायला लागली, की डॉक्टर त्याला हे नाव देतात. नाव तसं नवंच आहे. १९७९ मध्ये जेराल्ड रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वजन. लोकांना वाटतं, असला आजार असेल तर पोरगी काडीसारखी दिसेल. बुलिमियात बहुतेकांचं वजन चारचौघांसारखंच असतं. माझंही तसंच होतं. त्यामुळं घरात कुणाला शंका आली नाही. आईला एवढंच दिसायचं की मी न्हाणीघरात फार वेळ लावते. "काय करूलालीस आत एवढा वेळ?" हा तिचा रोजचा प्रश्न आणि "केस धुतेय" हे माझं रोजचं उत्तर. आठवड्यातून पाच वेळा केस धुणारी मुलगी कुणाला खटकली नाही.

घसा जळायचा, छातीत जळजळ, गाल फुगलेले, अधूनमधून चक्कर. मग पित्ताचे उपचार. चार वर्षं मी पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. एका मोठ्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून तपासणी केली आणि म्हणाले, "पोटाचं काही नाही. टेन्शन घेऊ नका." जेवणानंतर तुम्ही काय करता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. राग त्यांच्यावर धरावा की माझ्यावर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मधल्या काळात एका मावशीनं बाहेरचं बघून घेतलं. लिंबू उतरवून झालं, सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आलो. डोंगरावरून येताना बसमध्ये आई शांत झोपली होती, ते बघून मला फार अपराधी वाटलं होतं.

आजार पकडला तो दाताच्या डॉक्टरांनी. दात शिवशिवतात म्हणून गेले होते. बाईंनी छोटा आरसा घालून वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघितली. मग काही न बोलता माझा उजवा हात हातात घेऊन बोटांच्या सांध्यांवरचे वण बघितले. पोटातलं आम्ल वारंवार तोंडात आलं की दातांचं वरचं कवच आतल्या बाजूनं झिजतं. वारंवार उलट्या काढणाऱ्यांच्या हातावर पडणाऱ्या या वणांनाही त्याच रसेलचं नाव आहे, हे मला नंतर कळलं. बाईंनी असिस्टंटला बाहेर पाठवलं आणि विचारलं, "किती वर्षं झाली?" मी रडले. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, उलटीनंतर लगेच ब्रश करायचा नाही, नुसती चूळ भरायची. दुसरी, "हे माझ्याकडं बरं होणार नाही, आणि पोटाच्या डॉक्टरकडंही नाही."

मानसोपचारतज्ज्ञ हा शब्द घरात काढायचा कसा? आमच्या लहानपणी जास्त मस्ती केली की मोठी माणसं "धारवाडला पाठवू" म्हणायची. धारवाडला १८४५ पासून मनोरुग्णालय आहे, आज ते डिम्हान्स म्हणून ओळखलं जातं, आणि बेळगावहून जेमतेम पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर. पण आमच्या डोक्यात ते गाव नव्हतंच, धमकी होती. शेवटी आक्काला सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, "उद्या रजा टाकते." बास. त्या एका वाक्यासाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे.

पहिले डॉक्टर कन्नड बोलणारे, माणूस अतिशय सज्जन. रक्ततपासणी आणि ईसीजी त्यांनीच आधी करायला लावला. वारंवार उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. यात माणूस अचानक जाऊ शकतो, वजन नॉर्मल असताना. माझं पोटॅशियम कमी आलं.

पण त्यांच्यासमोर मला बोलता येईना. मला कन्नड येतं. भाजीवालीशी घासाघीस करता येते, बसमध्ये जागेवरून भांडता येतं. उलटीला कन्नडमध्येही वांतीच म्हणतात, म्हणजे शब्दाचं अडलं नव्हतं. ‘नाचिके’ म्हणजे लाज, हेही ठाऊक होतं. पण माझी लाज त्या शब्दात मावत नव्हती. डॉक्टरांनी ते ओळखलं आणि औषध स्वतःकडं ठेवून बोलण्याच्या उपचारांसाठी मराठी बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडं पाठवलं.

आणि तिथं मराठीतही तोंड उघडेना! १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, सीमाप्रश्नासाठी काळ्या फिती लावून फेरीत चालणारं आमचं घर. दुकानाच्या पाटीवरच्या एका अक्षरासाठी आमचे काका चौकात उभे राहतात, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही. पण त्याच घरात "मी खाते आणि ओकते" हे वाक्य मराठीत म्हणायची सोय नव्हती. जाड, बारीक, भरली, वाळली, सुटली, यांना मात्र आमच्याकडं शब्दच शब्द.

उपचार म्हणजे काय होतं? डोळे मिटून ध्यान वगैरे नव्हे. बाई वही लिहायला लावायच्या: कधी खाल्लं, कुठं खाल्लं, त्याआधी काय झालं होतं. विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या या पद्धतीला सीबीटी म्हणतात, बुलिमियावर तिचा चांगला अभ्यास झालाय, आणि साधारण वीस बैठका लागतात. मला जास्त लागल्या. सगळ्यात अवघड अट अशी की दिवसातून तीन वेळा जेवायचं, मधे दोन-तीनदा थोडं खायचं, आणि चार तासांपेक्षा जास्त उपाशी राहायचं नाही. कारण त्या अनावर खाण्याचं मूळ बहुतेक वेळा आधीच्या उपाशीपोटात असतं.

इथं आमचं घोडं अडलं. सोमवार, संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. सात वर्षं माझा आजार या उपासांच्या पदराआड लपला होता. न जेवणाऱ्या मुलीला लोक प्रश्न विचारतात, उपास करणाऱ्या मुलीचं कौतुक करतात. मी देवाच्या नावानं उपाशी राहायची आणि रात्री स्वयंपाकघरात अंधारात डबे उघडायची. उपास सोडायचे म्हटल्यावर आई घाबरली. आज्जीनं निकाल लावला: "आजारी माणसाला उपास नसतो. तिच्या वाटणीचा मी करते." ब्याऐंशीव्या वर्षी तिनं माझं नवरात्र केलं.

औषध होतं फ्लुओक्झेटीन. ते मूळ नैराश्याचं, पण बुलिमियात साधारण त्याहून जास्त मात्रेत देतात आणि परिणाम दिसायला काही आठवडे जातात. मेडिकलमधून आपल्या मनानं घ्यायची गोष्ट नाही. आणि दुसऱ्या कुठल्या कारणासाठी मानसोपचार घेत असाल तरी उलट्यांचं डॉक्टरांपासून लपवू नका. बुप्रोपिऑन नावाचं नैराश्याचं औषध या आजारात दिलं तर फिट येण्याचा धोका वाढतो.

"हे श्रीमंतांचे चोचले," असं मला एका नातेवाइकानं सुनावलंय. १९९५ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायनानं मुलाखतीत आपल्या बुलिमियाबद्दल सांगितलं, म्हणून तो राजवाड्यातला आजार ठरला की काय कोण जाणे. मला तो दोन खोल्यांच्या घरात झाला. आणि तो फक्त मुलींचाही नाही. तालमीतली पोरं कुस्तीआधी वजन उतरवायला काय काय करतात ते वस्तादांना विचारा. त्यातल्या एखाद्याचं ते कुस्तीनंतरही थांबत नसेल, तर तो कुणाला सांगणार?

आता जायचं कुठं? बेळगावात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खासगी डॉक्टरही आहेत. खानापूर-निपाणीकडच्यांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य योजनेत मानसोपचारतज्ज्ञांनी मंगळवारी तिथं येऊन रुग्ण बघावेत अशी सोय केली होती, आता कुठला वार आहे ते आधी विचारून जा. गल्लीतलं कुणी बघेल ही भीती मलाही होती. डॉक्टरांनी तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंधनकारक आहे, जिवाला धोका असण्यासारखे अपवाद सोडून. बाकावर शेजारी बसलेल्या ओळखीच्या बाईला मात्र हा कायदा लागू नाही. ती पण स्वतःसाठीच आलेली असते, हे मला तिसऱ्या खेपेला सुचलं.

पूर्ण बरी झाले का? सहा वर्षांत दोनदा घसरले. एकदा आज्जी गेली तेव्हा.

ज्यांना विचारायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये विचारा, पण मी डॉक्टर नाही आणि रात्री दहानंतर फोन बघत नाही. रात्रीचं काही असेल तर १४४१६ लावा, टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. सुरुवातीला भाषा विचारतात. मराठी आहे त्यात.