थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, किती वेळा सांगू?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉलची मॅच बघायची म्हणजे आता डोक्याला ताप झालाय. थ्रो-इन (बाहेर गेलेला बॉल रेषेवरून हातानं आत फेकतात तो) पडला, पुढं एकटा उभा असलेल्या पोरानं बॉल घेतला की मागून शंभर गळे ओरडतात, "ऑफसाइड! ऑफसाइड!" म्हणजे बॉल दिला तेव्हा तो समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं, गोलाजवळ उभा होता, असं त्यांचं म्हणणं. अहो, थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो! कॉर्नरवर नसतो, गोल किकवर (बचाव करणारा संघ आपल्या गोलापुढून मारतो ती) नसतो, बॉल मारला तेव्हा खेळाडू मैदानाच्या स्वतःच्या हाफमध्ये असला तरी नसतो. परवा शेजारच्या काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "तू कधी खेळलाईस काय?"

खेळलोय काका. गुडघा जाईपर्यंत खेळलोय.

बरं, हे तरी सोपं. पेनल्टी पोस्टला लागून परत आली आणि मारणाऱ्यानंच पुन्हा मारून आत घातली, तर गोल नाही. मध्ये दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हायला लागतो. गोलीच्या हाताला लागून परत आली असती, तर तोच गोल चालला असता. इनडायरेक्ट फ्रीकिक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत ती) कुणालाही न लागता समोरच्या गोलात गेली तर गोल किक. रेफरीनं यातलं काहीही बरोबर दिलं की त्याच्या घरच्यांचा उद्धार सुरू! उन्हात नव्वद मिनिटं पळतोय तो माणूस. दोन पेठा पेटलेल्या असताना नियमानं शिट्टी वाजवायला छाती लागते राव.

पेठेच्या संघासाठी जीव टाकता ना? मग एकदा नियम वाचा की. मराठीत कुणीही समजावून सांगेल, मी सांगतो, चहा पण मीच पाजतो. पण त्या रेफरीला शिव्या देऊ नका.