किल्ला तिथे खाडी, खाडी तिथे रांग

कोकणच्या किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी घेऊन जाण्याची कल्पना ज्याच्या डोक्यात येते, त्याच्या घरी बहुधा भिंतीवर नकाशा टांगलेला असतो आणि गाडी दुसऱ्याची असते. आमच्या बाबतीत नकाशा साडूंचा होता आणि गाडी माझी. साडूंना जलदुर्गांचे वेड आहे. सासूबाईंना हरिहरेश्वर आणि गणपतीपुळे एकाच फेरीत उरकायचे होते, आणि दोघी बहिणींना समुद्र दिसेल अशी खोली व ताजे मासे एवढेच हवे होते. मला काय हवे हे कोणी विचारले नाही, कारण गाडी चालवणाऱ्याला रस्ता मिळाला की तो सुखी असतो, अशी सर्वांची समजूत होती.

रस्ता मिळाला, तो सलग मात्र नव्हता. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याने सागरी महामार्ग न्यावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची, म्हणजे १९८० च्या आसपासची. पण सह्याद्रीतून निघालेल्या नद्यांना या योजनेची कोणी कल्पना दिलेली नसावी. समुद्राजवळ आल्यावर त्या ऐसपैस खाडी होऊन पसरतात आणि बिचारा रस्ता त्यांच्या काठाशी येऊन संपतो. पलीकडचे गाव दिसते, तिथली माणसे दिसतात, चहाच्या टपरीवर उकळणाऱ्या चहाची वाफसुद्धा दिसल्यासारखी वाटते. तिथे पोहोचायचे असेल तर एक तर बोटीची वाट पाहावी, नाही तर खाडीला वळसा घालत पूल सापडेपर्यंत आत आत जात राहावे.

किल्लेही नेमके याच जागी असतात. पूर्वी मालाची गलबते खाडीच्या मुखातून शिरून घाटाच्या पायथ्याकडच्या बंदरांपर्यंत जात, तेव्हा मुखावर ज्याचा बुरूज त्याची जकात, असा सरळ हिशेब होता. म्हणून कुंडलिकेच्या मुखावर रेवदंडा आणि कोर्लई, राजपुरीच्या खाडीवर जंजिरा, सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर गोपाळगड आणि शास्त्रीवर जयगड. साडूंनी हा सिद्धांत पेण येण्यापूर्वीच मांडला, तेव्हा मला तो इतिहास वाटला होता. आगरदांड्याच्या धक्क्यावर भर उन्हात मोटारींच्या रांगेत उभे राहिल्यावर तो वाहतुकीचा नियम आहे हे ध्यानात आले. त्या काळी किल्लेदार गलबते अडवीत. आता गलबते गेली, किल्लेदार गेले, पण अडवण्याचे काम जागेने चालूच ठेवले आहे.

रेवदंड्याला किल्ला पाहण्यासाठी खरे तर गाडीतून उतरावे लागत नाही, कारण रस्ताच पोर्तुगिजांची तटबंदी भेदून गावात शिरतो. साडू तरीही उतरले. सातखणी बुरुजाखाली उभे राहून त्यांनी हात उंचावले आणि तो सात मजल्यांचा कसा होता ते सांगू लागले. सासूबाईंनी काच खाली करून शांतपणे मजले मोजले.

"जावईबापू, सात कुठे आहेत?"

"आई, वरचे पडले. हा मुलूख १७४० मध्ये मराठ्यांकडे आला."

"मग तेव्हापासून कोणी दुरुस्ती नाही केली?"

या प्रश्नाचे उत्तर साडूंपाशी नव्हते, आणि ते कोणापाशी असेल असे मला वाटतही नाही.

जंजिऱ्याला मात्र साडूंची खरी कसोटी लागली. जो किल्ला सिद्दीने अखेरपर्यंत हातचा जाऊ दिला नाही, ज्याच्यासाठी संभाजी महाराजांनी १६८२ च्या मोहिमेत समुद्रात भराव घालून वाट करायला घेतली होती, त्या किल्ल्यात आपण राजपुरीच्या खिडकीवर तिकीट काढून जाणार, ही गोष्ट त्यांना मनातून अपमानास्पद वाटत होती. शिडाच्या होडीत आम्ही दाटीवाटीने बसलो. किल्ला जवळ येत गेला, तरी दरवाजा काही दिसेना. तो अगदी भिंतीशी गेल्यावरच नजरेस पडावा अशी तिथली रचना आहे. दिसल्यावर कळले की मोहीम आता कुठे सुरू होत आहे, कारण होडी लाटेबरोबर वर जाई तेव्हा पायरी खाली राही आणि होडी खाली येई तेव्हा पायरी छातीशी. खलाशी म्हणत होता, "आजी, वर आली की पाय टाका." सासूबाईंचा एक हात होडीतून मी धरला होता आणि दुसरा पायरीवरून साडूंनी. नेमक्या त्या क्षणी त्या म्हणाल्या, "जावईबापू, आधी पिशवी घ्या." जावईबापू दोघेही असल्यामुळे दोघांनीही हात सोडून पिशवीकडे धाव घेतली. खलाशाने सासूबाईंना खांद्याला धरून अलगद पायरीवर ठेवले नसते, तर पुढील मजकूर वेगळा झाला असता. पिशवीत चकल्या होत्या.

आत फिरायला पाऊण तास दिलेला होता. दरवाजापाशी हत्तींना पंजात धरलेल्या श्वापदाचे शिल्प आहे. तिथे वाटाड्याने माहिती सांगायला सुरुवात केली आणि साडूंनी ती दुरुस्त करायला. कलालबांगडी तोफेपाशी पोहोचेतो वाटाड्या थकला, "साहेब, मग तुम्हीच सांगा" म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला. साडूंनी खरोखरच सांगितले. आमच्याबरोबरचे परके प्रवासीही त्यांच्याभोवती जमले, आणि समुद्राने वेढलेल्या या किल्ल्यात गोड्या पाण्याची तळी आहेत हे ते सर्वांना समजावून देत असताना खालून होडीवाल्याच्या हाका सुरू झाल्या. बालेकिल्ला पाहायचा राहिला. परतताना मला एका प्रवाशाने विचारले, "तुमचे गाईड किती घेतात?"

बागमांडल्याहून बाणकोटच्या बाजूला जाताना गाडी फेरीबोटीवर उलटी चढवावी लागली. उतरत्या, ओल्या, शेवाळलेल्या उतारावरून एका डुलणाऱ्या पत्र्यावर मागे मागे जायचे, आणि त्या वेळी बोटीवरचा पोऱ्या, मागचा रिक्षावाला, मासळीच्या टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या दोन बायका आणि स्वतःची पत्नी हे सर्व जण एकदम दिशा सांगत असतात, त्याही निरनिराळ्या. साडूंनी हाच मुहूर्त धरून मला सांगितले की समोरचा हिंमतगड, म्हणजे बाणकोटचा किल्ला, १७५५ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. इंग्रजांनी तो कसा घेतला हे ऐकण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. त्यांना मोटार उलटी चढवावी लागली नव्हती, एवढे मात्र नक्की.

हर्णैला दोघी बहिणींची सरशी झाली. संध्याकाळी पुळणीवर मासळीचा लिलाव भरतो, आणि त्या गर्दीत त्या दोघी अशा नाहीशा झाल्या की साडूंना समोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग दाखवायला माणूस उरले नाही. काठावरच फत्तेगड, कनकदुर्ग आणि गोवा किल्ला असे आणखी तीन आहेत, असे त्यांनी सासूबाईंना सांगून पाहिले. "एकाच गावाला चार कशाला?" असे विचारून त्यांनी विषय मिटवला.

दाभोळच्या धक्क्यावर रांग लांब होती, पण तिथे मासाहेबाची देखणी मशीद असल्यामुळे वेळ बरा गेला. आदिलशाहीत हे बंदर किती गजबजलेले असेल याची कल्पना मला करावी लागली नाही. मालमोटारी, दुचाक्या, आंब्याच्या पेट्या आणि लग्नाचे एक अख्खे वऱ्हाड माझ्या पुढे होते. धोपाव्याला उतरून आम्ही अंजनवेलच्या गोपाळगडावर गेलो. जांभ्या दगडाचा तट, जमिनीच्या बाजूला खोदलेला खंदक, आणि आत कलमांची बाग! एप्रिलचे अखेरचे दिवस होते. साडू तटावरून तुळाजी आंग्रे शोधत होते, आणि साऱ्या प्रवासात प्रथमच सासूबाई आपण होऊन किल्ल्यात शिरून प्रत्येक झाडाखाली थांबत होत्या. "हा किल्ला बरा ठेवलाय," असा त्यांनी निर्वाळा दिला. साडूंचा चेहरा पाहवत नव्हता.

तवसाळला पोहोचलो तेव्हा जयगडची बोट नुकतीच सुटली होती. चहावाल्याने इथे पूल होणार असल्याचे सांगितले. प्रत्येक धक्क्यावरचा चहावाला हे सांगतो, आणि मी प्रत्येक वेळी मनापासून आनंदित होतो. सासूबाईंनी साडूंना जवळ बोलावले.

"पुढे अजून किती आहेत?"

साडू फुलले. "रत्नदुर्ग, पूर्णगड, मग यशवंतगड, विजयदुर्ग…"

"किल्ले नव्हे, खाड्या विचारत्येय."

साडूंनी बोटांवर मोजले आणि हात खाली घेतला.

गणपतीपुळ्याचे दर्शन झाले की सरळ मुंबई-गोवा महामार्ग गाठून घरी परतायचे, असा ठराव धक्क्यावरच एकाविरुद्ध चार मतांनी संमत झाला. महामार्गाच्या कामाची जी अवस्था आहे तिच्याविषयी बोलणे मी टाळले, कारण ठराव फिरण्याची भीती होती. साडू बराच वेळ गप्प होते. बोट काठाला लागता लागता त्यांनी नकाशा पुन्हा उघडला आणि सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाले, "हरकत नाही. त्या वाटेवर संगमेश्वर लागतं. आणि चिपळूणला गोवळकोट आहे, खाडीवरच."