वाकळ वाळेना

पाचगणीची हवा चांगली, असं लोक इंग्रजांच्या काळापासून सांगत आलेत. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या साहेबानं इथं ठाण मांडलं, सिल्व्हर ओक लावले. मागोमाग शाळा आल्या, पारशांचे बंगले आले, पुढं डॉ. बिलिमोरियांनी क्षयाच्या रुग्णांसाठी आरोग्यधाम काढलं. का, तर हवा चांगली. माझी तक्रार नाही. फक्त कुठली हवा, ते कुणी सांगत नाही. नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात इथं सकाळी सातला एक असते, अकराला दुसरी आणि चहाच्या वेळी भलतीच. क्षयाचा रुग्ण त्यात खडखडीत बरा होत असेल. वाकळ वाळत नाही.

खरं तर वाकळा धुवायच्या त्या घटस्थापनेच्या आधी. नवरात्राच्या तोंडावर सातारा जिल्ह्यात कुठल्याही ओढ्याकाठी जा, घरोघरची अंथरुणं-पांघरुणं दगडांवर पसरलेली दिसतील. पण यंदाचा परतीचा पाऊस परतायलाच तयार नव्हता. दसरा गेला, दिवाळीत आकाशकंदील भिजला. आईनं निकाल दिला, "तुळशीचं लगीन लागल्याबिगर ह्यो हलत न्हाई." तुळशीचं लग्न लागलं, त्रिपुरी पौर्णिमा झाली, वऱ्हाडाबरोबर पाऊसही गेला. रात्रीचा पारा बारा-तेरा अंशांवर आला आणि आईनं ट्रंक उघडली.

ही वाकळ घरातली सर्वांत मोठी आणि सर्वांत ज्येष्ठ. वरचा थर आजीच्या इरकली लुगड्याचा. त्याखाली आत्याची विटलेली पातळं. मधोमध आजोबांची धोतरं, एकावर एक. कडेला माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचं ठिगळ. आमच्या सात किलोच्या मशीनमध्ये ती मावत नाही. कोरडी असतानाच मावत नाही. म्हणून न्हाणीत उभं राहून पायांनी तुडवायची. आधीचं सगळं पाणी काळं निघतं, मग चहाच्या रंगाचं, आणि पाणी स्वच्छ दिसायला लागलं की आई येऊन म्हणते, "आता साबण लाव."

पिळताना दोघं लागतात. एक टोक बायकोच्या हातात, दुसरं माझ्या. आम्ही जीव खाऊन पिळत होतो आणि पाण्याचा थेंब निघत नव्हता. मग लक्षात आलं, दोघंही एकाच बाजूला पिळतोय. इतक्या वर्षांच्या संसारात एकमत झालं ते इथं. "अहो, तुम्ही उलटं फिरवा," ती म्हणाली. मी म्हणालो, "मी बरोबर फिरवतोय, तू उलटं फिरव." तोवर आजोबांनी पुन्हा सगळं पाणी पिऊन टाकलं.

ओली वाकळ गच्चीवर नेणं म्हणजे लग्नघरात पंगतीनंतर आडव्या झालेल्या मामाला उचलून खोलीत नेणं. कुठूनही धरा, मधला भाग खालीच राहतो. शेवटी ती कठड्यावर पडली. लख्ख ऊन होतं. समोर टेबललँडचा काळा कडा, खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी चकाकतंय. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत काम फत्ते.

"तीन उन्हं लागतील," आई म्हणाली.

तीन उन्हं सलग मिळावीत, एवढी साधी मागणी. त्यासाठी मी मोबाइल बघितला. मोबाइल म्हणाला, आठवडाभर निरभ्र. आईनं गुडघा दाबून बघितला आणि म्हणाली, परवा आभाळ येणार. शेजारच्या तात्यांनी बातम्या बघितल्या होत्या. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, असं त्यांनी घरातलंच कुणी आजारी असल्यासारख्या आवाजात सांगितलं.

तात्यांची चिंता खोटी नव्हे. त्यांची स्ट्रॉबेरी आहे. मल्चिंगच्या कागदातून नुकती फुलं वर आलेली, पहिली फळं लाल व्हायला लागलेली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या वाकळीला असलं कुठलंच मानांकन नाही. पण दोघींच्या मागण्या तंतोतंत सारख्या: दिवसा ऊन, रात्री गारठा, हवा कोरडी. ढग आले की फळावर बुरशी आणि वाकळीला वास. त्या आठवड्यात तात्या आणि मी सकाळी उठल्या उठल्या आपापल्या गच्चीवरून पूर्वेकडं बघत उभे असायचो.

लांबच्या समुद्राचा आमच्याशी काय संबंध, असं पाहुण्यांना वाटतं. संबंध आहे. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि डिसेंबर उजाडताना इकडची थंडी पळाली, आभाळ भरून आलं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं ते अरबी समुद्रातून. म्हणजे एक या बाजूनं, एक त्या बाजूनं, आणि मध्ये आमची गच्ची.

आईच्या गुडघ्यानं बाजी मारली. सांगितल्या दिवशी आभाळ आलं. रात्रीचा गारठा गेला, अंगावरची चादर नकोशी झाली आणि दुपारनंतर पाऊस सुरू झाला. धड पाऊसही नव्हे. पंचांगात पावसाची नक्षत्रं मृगापासून मोजतात आणि प्रत्येकाला वाहन असतं: बेडूक, म्हैस, गाढव, मोर. स्वाती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतं. त्यानंतर जो येतो त्याला ना नक्षत्र, ना वाहन. बहुधा म्हणूनच तो पायी येतो, पिरपिर करत, आणि एकदा टेकला की त्याला परत जायला गाडी मिळत नाही.

वाकळ आत आली. अर्धओली वाकळ घरात कुठं ठेवायची, हा प्रश्न ज्याला पडला नाही त्यानं घर बांधताना आर्किटेक्टला दोष देऊ नये. चार खुर्च्या पाठीला पाठ लावून त्यांवर ती पसरली. त्यामुळं जेवण उभ्यानं. मग सोफ्यावर, तर टीव्ही दिसेना. मुलगा म्हणाला, "बाबा, पंखा लावू या." रात्रभर पंखा वाकळीला वारा घालत होता आणि आम्ही शेजारच्या खोलीत उकडत पडलो होतो. सकाळी आई प्रत्येक थर चिमटीत धरून तपासायची. "लुगडं वाळलंय. पातळं बी वाळली. आजोबा अजून वलंच हायेत."

मधे एक दिवस कडक ऊन पडलं. पण संध्याकाळी वाकळ काढायला मी जरा रेंगाळलो, तेवढ्यात दहिवर पडलं. इथं सूर्य टेबललँडच्या आड गेला की थंडी उतरायला पाच मिनिटं पुरतात. दिवसभर कमावलेलं कोरडेपण अर्ध्या तासात गेलं.

त्याच दिवशी दुपारी फाटकापाशी एक जोडपं थांबलं. मागचा बंगला पर्यटकांना भाड्यानं देतात, तिथं उतरलेलं. बाई कठड्याकडं बघत म्हणाल्या, "किती सुंदर! हे हँडमेड आहे?"

आई म्हणाली, "हातानंच शिवलीय. पायानं कोण शिवतंय?"

"विकायची आहे का?"

माझ्या मनात क्षणभर आकडा आला, हे लपवत नाही. ओली आहे, तेव्हा वजनावर विकली तर आणखी बरं. पण आई शांतपणे म्हणाली, "ह्यात आमचं सासरं हायेत." बाई दोन पावलं मागं सरकल्या. गृहस्थांनी तेवढ्यात फोटो काढून घेतला. आता आजोबांची धोतरं कुठल्या कुठल्या शहरातल्या मोबाइलवर फिरत असतील, कोण जाणे. हयातीत ते साताऱ्यापलीकडं गेले नव्हते.

मग तात्यांनी शास्त्र काढलं. कृषी खात्याच्या कुठल्याशा मेळाव्यात त्यांनी ऐकलं होतं, हजार मीटर खाली उतरलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी गरम होते. "आपण तेराशे मीटरवर. वाई सातशेला. म्हंजे खाली चार अंश जादा. शिवाय महाबळेश्वराला पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आपल्याकडं त्याच्या निम्माबी न्हाई, वाईत त्याहून कमी. डोंगर आडवा येतो ना. वाकळ खाली न्या." हिशोब बिनचूक होता. त्यांचा छोटा हत्ती सकाळी वाईलाच निघाला होता. क्रेटच्या राशीवर वाकळ बसली, पुढं मी बसलो आणि पसरणी घाट उतरायला लागलो.

अर्ध्या घाटात खालचं सगळं नाहीसं झालं. वाई नव्हती, कृष्णा नव्हती, धोमचं पाणी नव्हतं. नुसतं पांढरं. शास्त्राची दुसरी बाजू तात्यांनी मेळाव्यात ऐकली नसावी, बहुधा तोवर जेवणाची वेळ झाली असेल. रात्रभर डोंगरावरची गार हवा जड होऊन खोऱ्यात उतरते आणि तिथंच साचते. धरणाचा ओलावा तिला मिळतो, आणि पहाटे वाईत वरच्यापेक्षा जास्त गारठा नि गच्च धुकं असतं. आम्ही त्यात शिरलो. समोरच्या एसटीचे दिवे बसच्या आधी येत होते.

गणपती आळीत मावशीनं दार उघडलं, वाकळ बघितली आणि म्हणाली, "आरं, माझ्या स्वतःच्याच दोन वाळंनात म्हणून आत घेतल्यात." तरी तिनं चहा केला, वाकळ गॅलरीत टाकली आणि आम्ही सूर्याची वाट बघत बसलो. दहाच्या सुमाराला बायकोचा फोन आला.

"अहो, कुठं आहात? इकडं काय कडक ऊन पडलंय!"

"खाली काय दिसतंय?"

"ढगांचा समुद्र. पर्यटकांनी पारसी पॉइंटला ही गर्दी केलीय फोटो काढायला."

म्हणजे आता माझाही फोटो निघत होता, समुद्राच्या तळाशी, चहा पिताना. अकरानंतर उन्हानं जमीन तापली, तसं धुकं विरलं नाही, वर चढायला लागलं. मावशीच्या गॅलरीत कवडसा आला आणि बायकोचा दुसरा फोन: "इकडं एकदम धुकं आलंय, समोरचं घर दिसत नाही." तात्या पैसे वसूल करून आले आणि म्हणाले, चला, उशीर होतोय. वाकळीला जेमतेम अर्धा तास ऊन मिळालं होतं. त्यात आत्याची पातळंसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

त्या संध्याकाळी पुन्हा पिरपिर. या वेळी मी तयारीत होतो. वाकळीवर जाड प्लॅस्टिकचा कागद, चारी कोपऱ्यांना विटा. तेवढ्यात तात्या कुंपणावरून ओरडले. तोडलेल्या फळांचे क्रेट बांधावर उघडे पडले होते आणि गाडी यायला वेळ होता. मी काही बोलायच्या आत आईनं विटा बाजूला केल्या, कागद ओढला आणि कुंपणावरून देऊन टाकला.

"आई, वाकळ!"

"ती कुठं मुंबईला जायाचीय? फळं जायाचीत."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, म्हणून मी भिजत वाकळ आत आणली. रात्री तात्यांनी स्ट्रॉबेरीचा डबा पाठवला. दिसायला देखणी, खायला आंबट. ढगाळ हवेत गोडी उतरत नाही, असा निरोप डब्याबरोबरच आला होता.

मग एका रात्री वारं फिरलं. उत्तरेकडचं, कोरडं, ओठ फोडणारं. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं आणि पारा पुन्हा खाली. वाकळ कठड्यावर गेली, लागोपाठ उन्हं मिळाली, रोज संध्याकाळी मी दहिवराच्या आधी हजर होतो. आईनं शेवटची तपासणी केली. लुगडं, पातळं, धोतरं, चड्डी. सगळं खणखणीत. उन्हाचा वास येत होता. दहा अंशांची रात्र समोर होती आणि मी जेवणाआधीच पांघरुणाची स्वप्नं बघायला लागलो.

जेवून येतो तर आई वाकळीची घडी घालून डांबराच्या गोळ्यांसकट ट्रंकेत दाबत होती.

"हे काय?"

"ताई येणार हाय न्हवं नाताळात. जावईबापू असतील संगं. त्यांना पांघराय नगं?"

"अगं, नाताळाला महिना आहे! आज आम्ही काय पांघरायचं?"

आईनं ट्रंकेवर बसून कडी लावली. "तुझ्या मोबाइलात काय म्हनतंय?"

मी बघितलं. मोबाइल म्हणत होता, अठरा अंश, आल्हाददायक.

"मग झालं की," आई म्हणाली आणि दिवा मालवून झोपायला गेली.