आत्याच्या फॉरवर्डला उत्तर, जरा चिडूनच

परवा तासगावच्या आत्यानं फॅमिली ग्रुपवर 'गुन्ह्यांचं खरं चित्र' असा चार मुद्द्यांचा फॉरवर्ड टाकला. नेहमीसारखं सोडून दिलं असतं, पण काल फोनवर म्हणाली की 'सुया घे, पोत घे' करत आलेल्या बाईला तिनं गेटातूनच हाकललं, का तर म्हणे पालावरची भटकी माणसं टेहळणीला येतात. म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा, गुन्ह्यांचा आकडा वाढला म्हणजे गुंडाराज आलं. अरे बाबांनो, 2020 साली एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या हिशोबात देशातले गुन्हे 28 टक्क्यांनी वाढले. तेव्हा तर आपण सगळे घरात कोंडलेलो! मग वाढलं काय? सरकारी आदेश मोडल्याचं कलम 188. आदल्या वर्षी साधारण 29 हजार केसेस, त्या वर्षी 6 लाख 12 हजार. चोऱ्या उलट कमी झालेल्या. गुन्हे वाढणं वेगळं आणि नोंदी वाढणं वेगळं, हे एनसीआरबी स्वतःच सांगते, पण तेवढं कोण वाचतंय.

दुसरा, केरळात बिहारपेक्षा गुन्ह्यांचा दर जास्त, म्हणजे शिकून माणसं बिघडतात. दर जास्त आहे, खरंय. तिथं लोक ठाण्यात जातात आणि नोंद होते, म्हणून. पुढं.

तिसरा, पोलीस तक्रारच घेत नाहीत. हे मात्र, काय करणार, बरंचसं मान्य. माझा मोबाईल एसटीत चढताना खिशातून मारला, तर ठाण्यात म्हणाले 'चोरीला गेला' नको, 'गहाळ झाला' लिहा. लिहिलं. म्हणजे रजिस्टरला चोरी झालीच नाही. दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा) कळला की एफआयआर घ्यायलाच लागतो असं सुप्रीम कोर्टानं 2013 लाच ललिता कुमारी केसमध्ये सांगितलंय, ते मला घरी आल्यावर कळलं. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एक विचारायचंय, पोलीस नोंदच करत नाहीत तर तुझ्या पहिल्या मुद्द्यातला आकडा वाढला कसा?

आता चौथा, ज्यानं डोकं फिरलं. 'काही जमाती जन्मानंच चोर, इंग्रजांच्या रेकॉर्डवर आहे.' आहे ना! 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा केला त्यांनी, पुढं आपल्याकडं पारधी, कैकाडी, बेरड सगळे त्यात घातले. चोरी केली का नाही हा प्रश्नच नाही, त्या घरात जन्मलास म्हणजे पोलिसांत हजेरी दे, गाव सोडायचं तर पास काढ. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहतच केलेली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, म्हणून तर त्यांना विमुक्त म्हणतात. आत्या, त्याच इंग्रजांच्या लेखी 7 जून 1943 ला शेणोलीला पगाराची रेल्वे लुटणारी प्रतिसरकारची, म्हणजे आपल्याकडच्या भूमिगत स्वातंत्र्यसैनिकांच्या सरकारची, माणसंही दरोडेखोरच होती. तुझ्या सासऱ्यांनी भूमिगतांना भाकऱ्या पोचवल्या हे तूच दर दिवाळीला सांगतेस की, मग त्यांनाही त्याच यादीत टाकू का?

आणि हे नुसतं वाचून सोडायचं प्रकरण नाहीये. 1 जुलै 2018 ला धुळ्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठार मारलं, भिक्षा मागणारे भटके डवरी गोसावी होते ते, बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडचे. ते लांबचं वाटत असेल तर 2022 ला आपल्याच जत तालुक्यात, लवंग्यात, चार साधूंना त्याच संशयावरून पट्ट्या-काठ्यांनी बदडलं. मुलं कुणाचीच पळवली नव्हती.

चोऱ्या होतात, मी कुठं नाही म्हणतोय, कुलूप लाव, रात्री बाहेरचा दिवा चालू ठेव. पण ती बाई दाभण विकत होती आत्या, आणि वाकळ शिवायला दाभण मिळंना म्हणून तू महिनाभर माझ्यामागं लागलीयस. आता मिरजेहून मी आणणार नाही.