चारशे आणि सहा हजार सातशेच्या मधोमध

रोहिंग्यांचा विषय निघाला थिबा पॅलेसवरून, म्हणजे ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी ठेवलेल्या आमच्या रत्नागिरीतल्या वाड्यावरून. बापूचा साडू श्रीकांतराव पुण्याहून आलेला. बापूने सकाळी त्याला पॅलेस दाखवला आणि संध्याकाळी, घरात नको म्हणून, आमच्याकडे आणून बसवला. श्रीकांतराव सगळ्या विषयांवर "मी यावर थोडा अभ्यास केलाय" असं म्हणून सुरुवात करतात. थोडा म्हणजे किती, हे बापूच्या बायकोला माहीत असावं. ती त्या दिवशी दिवसभर शेजारी होती.

ब्रह्मदेश म्हटल्यावर नानांनी लगेच टिळक काढले. "लोकमान्य सहा वर्षं मंडालेत होते. त्या देशाशी आपलं नातं आहे. म्हणून रोहिंग्यांच्या, त्या तिथून हाकललेल्या मुसलमानांच्या बाबतीत मी ब्रह्मी लोकांचंच ऐकणार."

"टिळकांना मंडालेत इंग्रजांनी ठेवलं, नाना," दत्ता म्हणाला. "ब्रह्मी लोकांना कोणी विचारलंसुद्धा नव्हतं."

दत्ताचा फोटो स्टुडिओ आहे. आता लग्नाच्या ऑर्डरी कमी आणि पासपोर्ट साइज जास्त, त्यामुळे वाचायला वेळच वेळ. नाना बँकेतून निवृत्त होऊन व्हॉट्सॅपमध्ये रुजू झाले.

नानांनी मोबाइल पुढे केला. बाईच्या डोक्यावर फडकं, हातात कोयता, मागे जळतं घर. "बघा. स्वतःची घरं स्वतःच पेटवतायत."

दत्ताने चष्मा वर करून फोटो बघितला आणि हसायलाच लागला. "अहो, हा अजून फिरतोय? २०१७ चा सप्टेंबर. तिथल्या सरकारने पत्रकारांची सहल नेली होती राखाइनमध्ये, रोहिंग्यांच्या प्रांतात. एका मठात त्यांना असले फोटो दिले. डोक्यावर काय आहे बघा नीट. लेसचा टेबलक्लॉथ आहे तो. आणि पत्रकारांना आधी एका शाळेत नेलं होतं, निर्वासित हिंदू तिथे ठेवलेले. फोटोतली ही बाई त्या हिंदूंमधलीच निघाली. बीबीसीच्या जोनाथन हेडने ओळखली. त्याच दौऱ्यात त्याला एक मुसलमान गाव पेटलेलं दिसलं, कोयते घेतलेली पोरं बाहेर येताना दिसली. विचारलं तर सरळ म्हणाली, आम्ही राखाइन बौद्ध, पोलिसांच्या मदतीने लावली आग."

"बीबीसी तसंच बोलणार," नाना.

"बरोबर. म्हणून लष्कराचं पुस्तक घ्या. २०१८ मध्ये त्यांनीच छापलं, बंगाली घुसखोर कसे आले त्याचा इतिहास. रोहिंग्यांना ते बंगालीच म्हणतात. त्यात काळ्यापांढऱ्या फोटोत माणसांची रांग चाललीय, खाली लिहिलंय, इंग्रजांच्या काळात आलेले बंगाली. मूळ फोटो रंगीत आणि रवांडाच्या निर्वासितांचा, १९९६ चा. रॉयटर्सने शोधून काढलं. ढाक्यातली १९७१ ची प्रेतं यांनी मुसलमानांनी मारलेले बौद्ध म्हणून छापली. देश सोडून निघालेल्या बोटीतली माणसं देशात येणारी करून टाकली. शेवटी दोन फोटोंबद्दल लष्कराने माफी मागितली." मग जरा थांबून, "रंग काढला की फोटो जुना होतो, नाना. हे आम्ही लोकांच्या पणजोबांसाठी करतो. दीडशे रुपयांत."

इक्बाल इतका वेळ मजेत ऐकत होता. त्याची बर्फाची फॅक्टरी आहे मिरकरवाड्याकडे, आणि नानांची उतरलेली त्याला नेहमीच गार वाटते. पण दत्ताने त्यालाही सोडलं नाही. "हसू नकोस. तेव्हा तू काय काय पाठवलं होतंस आठवतं? तुर्कस्तानच्या उपपंतप्रधानाने टाकलेले चार फोटो, एक इंडोनेशियातल्या आचेहचा, एक रवांडाचा. त्याने काढून टाकले. तुझ्या ग्रुपवर अजून असतील."

"मला जे आलं ते मी पाठवलं," इक्बाल.

"नानाही तेच म्हणतात."

इथे श्रीकांतरावांनी घसा साफ केला. "मी यावर थोडा अभ्यास केलाय. सगळा प्रश्न समतोलाचा आहे. २०१७ च्या लष्करी कारवाईत सरकार म्हणतं चारशे मेले, त्यातले बहुतेक अतिरेकी. ती डॉक्टरांची संस्था..."

"एमएसएफ," दत्ता.

"तेच. ते म्हणतात पहिल्या महिन्यात किमान सहा हजार सातशे. दोन्ही टोकं. आपण मध्य धरला, साधारण साडेतीन हजार, की निष्पक्ष झालो."

बापू आमच्याकडे बघेना. दत्ताही क्षणभर गप्प होता, मला वाटतं कौतुकाने. मग म्हणाला, "श्रीकांतराव, तुम्ही साडेतीन हजार माणसं मारलीत की जिवंत केलीत? एमएसएफने बांगलादेशातल्या निर्वासित छावण्यांत जाऊन घराघराला विचारलं, कोण गेलं, कसं गेलं. अख्खी घरंच्या घरं गेली त्यांच्यातर्फे बोलायला कोणी नव्हतंच, म्हणून ते 'किमान' म्हणतात. चुकले असतील, तर कुठे चुकले ते दाखवता येतं. आणि सरकारने काय केलं? संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाला देशात येऊ दिलं नाही. मला दोन बाजू नका सांगू. दार कोणी लावून घेतलं ते सांगा."

"म्हणजे सगळं मुसलमान बोलले ते खरं?" नाना उसळले. "आणि हिंदू मेले ते? राखाइनमधलं ते खा माँग सेक गाव? त्यावर तुझी बीबीसी गप्प!"

"ते लष्कराचं नाटक," इक्बाल पटकन बोलला. "पत्रकारांना हेलिकॉप्टरने कोणी नेलं तिथे? लष्करानेच ना?"

मला वाटलं आता दत्ता इक्बालची बाजू घेईल. त्याने घेतली नाही, आणि त्या संध्याकाळी मला सगळ्यात आवडलं ते हेच.

"नेलं लष्कराने, म्हणून शंका घ्यायची. घेतलीही लोकांनी. त्यातून वाचलेल्या आठ बायका बांगलादेशात होत्या तेव्हा म्हणाल्या, तोंड झाकलेल्या राखाइन लोकांनी मारलं. परत ब्रह्मदेशात गेल्यावर म्हणाल्या, आर्सावाल्या, म्हणजे हत्यारबंद बंडखोर रोहिंग्यांनी मारलं. आता कुठलं धरायचं? दोन्हीकडे त्या कोणाच्या तरी ताब्यात होत्या."

"मध्य..." श्रीकांतराव.

"थांबा हो. अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्कवाल्या संस्थेने त्या आठहीजणींना गाठलं, सीमेच्या दोन्हीकडे माणसांशी बोलले, प्रेतांचे फोटो तज्ज्ञांना दाखवले. २०१८ च्या मे महिन्यात लिहिलं, आर्सानेच मारलं. एका गावात त्रेपन्न, त्यातली तेवीस लहान मुलं. शेजारच्या गावातले सेहेचाळीस बेपत्ता, तेही मारलेच असावेत. बायकांना जिवंत सोडलं ते धर्म बदलायच्या अटीवर. आणि हे लिहिणारी कोण, तर जी लष्करावर सगळ्यात जास्त ओरडत होती ती संस्था. इक्बाल, आपल्याला गैरसोयीचं असूनही जो लिहितो, त्याचं मी आधी वाचतो."

इक्बाल काही बोलला नाही. नाना मात्र असे खुलले की दत्ताला पुढचं बोलावंच लागलं.

"नाना, तोच नियम तुम्हाला. राखाइनमधलंच इन दिन गाव. दहा रोहिंग्या गुडघ्यावर बसवलेले, पुढच्या फोटोत तेच दहा खड्ड्यात. फोटो दिले कोणी? गावातल्या बौद्धांनी. मारल्याचं कबूल कोणी केलं? बौद्ध गावकऱ्यांनी. बातमी काढणारे वा लोन आणि च्यॉ सो ऊ, दोघेही बौद्ध, ब्रह्मी लोकच. तुम्ही ब्रह्मी लोकांचंच ऐकणार होतात ना? मारणाऱ्या सात सैनिकांना दहा वर्षं झाली, वर्षाच्या आत सुटले. पत्रकारांना सात वर्षं झाली, ते पाचशेच्या वर दिवस आत. खड्डा खणणाऱ्यापेक्षा दाखवणारा जास्त बसला."

नाना दिल्ली-जम्मूकडे वळले. आपल्याकडे चाळीस हजार रोहिंग्या आहेत, सरकारने संसदेत सांगितलंय. दत्ता म्हणाला तो अंदाज होता, संयुक्त राष्ट्रांकडची नोंद तेव्हा त्याच्या निम्म्याहूनही कमी. यावर बराच आरडाओरडा झाला, त्यात नवीन काही नव्हतं. बापूने मध्येच विचारलं, "पण आता तिथे कोण कोणाला मारतंय?"

इक्बालला हे माहीत होतं. "आता अराकान आर्मी. राखाइन बौद्धांचीच, पण लष्कराच्या विरुद्ध. २०२४ च्या डिसेंबरात माँगडॉ शहर घेतलं त्यांनी. रोहिंग्यांना तेही मारतायत. आणि लष्कर, ज्याने यांना हाकललं, ते आता यांच्याच पोरांना जबरदस्तीने भरती करून अराकान आर्मीपुढे उभं करतंय."

"म्हणजे तीन बाजू झाल्या," बापू म्हणाला. "श्रीकांतराव, आता तिनाने भागायचं का?"

श्रीकांतराव रागावले. आम्ही रत्नागिरीकर पाहुण्याची टिंगल करतो, हे त्यांनी थोडा अभ्यास करून आधीच ओळखलं होतं म्हणाले. नानांना जोर चढला. "दत्ता, तू सगळ्यांचे पुरावे मागतोस. उद्या मलाही मागशील!"

"मागतोच आहे," इक्बाल एकदम म्हणाला. "टेनिस बॉल स्पर्धेचं बर्फाचं बिल. खजिनदार तुम्ही होतात."

"दिलंय!"

"नाही दिलं."

"अरे दिलंय, तुझ्या अब्बांच्या हातात दिलंय!"

"अब्बा तेव्हा हजला होते."

आता खरा विषय सापडला. कोणत्या वर्षीची स्पर्धा, बर्फ किती लाद्या, त्यातला सरबताला किती आणि नानांच्या घरच्या आइस्क्रीमच्या पॉटला किती, सगळं निघालं. नाना म्हणाले पावती होती, पुरात गेली. बापूने आठवण करून दिली की नाना टेकडीवर राहतात.

श्रीकांतरावांचा राग तोवर निवळला असावा. ते पुढे सरकून म्हणाले, "हे बघा, दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहात. निम्मं बिल दिलं असं धरू या."

त्यावर इक्बाल आणि नाना दोघेही एकदम त्यांच्यावर तुटून पडले. तुम्ही आमच्यात पडू नका, म्हणून.