‘बोर्ड गेला’ म्हणे!

पुतणीनं परवा एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, “काका, मग फेकून देऊ का?” प्रश्न तिच्या बाबांच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचा होता. पेन्सिल सेलवर चालणारा, कपाटात दहा वर्षं पडलेला. कॉलेजच्या पोरांना सध्या या जुन्या डिजिकॅमचं वेड लागलंय, आणि त्या वेडाच्या मागोमाग हा मेसेज फिरतोय. मला तो आधीच तीन ग्रुपांवर आला होता.

मेसेज थोडक्यात असा: जुना कॅमेरा चालू होत नसेल तर समजा मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, गेला, दुरुस्तीच्या नादाला लागू नका. नवे सेल घालूनही बंद पडतो, हाच पुरावा. तारीख सारखी पुसली जाते, म्हणजे बोर्ड मरायला टेकलाय. बॅटरी दर वेळी पूर्ण संपवूनच चार्जिंगला लावा, नवी असेल तर पहिल्यांदा बारा तास. जास्त एमएएचची, म्हणजे जास्त क्षमतेची, बॅटरी घालू नका, सर्किट जळतं. मेलेली बॅटरी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, जिवंत होते. आणि सगळ्यात शेवटी, ‘बंद कॅमेरे घरी येऊन घेऊ’.

ती शेवटची ओळ वाचली की वरच्या सगळ्या ओळींचा अर्थ लागतो. तरी एकेक बघू. मी लग्नाची कामं करतो आणि फावल्या वेळात बंद कॅमेरे घेऊन बसतो. ‘बोर्ड गेलाय’ म्हणून माझ्याकडे आलेल्यातले बरेच अजून फोटो काढतायत.

सुरुवात ‘नवे सेल घालूनही’ या पुराव्यापासून करू, कारण सगळी फसगत तिथंच होते. किराणा दुकानातला, घड्याळात आणि रिमोटमध्ये घालतो तो साधा झिंक-कार्बन सेल कॅमेऱ्याच्या कामाचाच नाही. अल्कलाइनही जेमतेम. कॅमेरा चालू होताना लेन्स बाहेर काढायला मोटर फिरते, स्क्रीन पेटते, फ्लॅश चार्ज व्हायला लागतो, आणि हे सगळं एका दमात. तेवढा करंट ओढला की सेलच्या आतल्या रोधामुळे व्होल्टेज धाडकन खाली येतं. कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले, तो ‘बॅटरी बदला’ म्हणतो आणि झोपतो. तेच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घाला, कितीतरी महिने चालतील. म्हणजे सेलही मेला नव्हता आणि बोर्डही.

इथं रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल लागतात. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, अल्कलाइनवर १.५, म्हणून लोक त्यांना कमी समजतात. पण ओझं पडल्यावर १.२वाला टिकतो आणि १.५वाला बसतो. एकच अडचण, साधे रिचार्जेबल सेल नुसते ठेवले तरी काही महिन्यांत रिकामे होतात. २००५ साली सान्योनं एनेलूप आणले, तेव्हापासून ठेवले तरी फारसे न उतरणारे सेल मिळायला लागले. त्या जातीचे घ्या, सगळे सेल एकाच वेळचे घ्या, आणि मेनूत ‘बॅटरीचा प्रकार’ असा पर्याय असेल तर तोही बदला. निकॉनच्या कूलपिक्स एल मालिकेत तो असतो. चुकीचा ठेवला तर बॅटरीची खूण खोटं बोलते.

सेल ठीक असतील तर टॉर्च घेऊन सेलच्या खोबणीत बघा. स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर आत विसरलेले सेल पाझरलेत. अल्कलाइनमधून येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, आणि त्याला उतारा आंबटाचा. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा किंवा लिंबाचा थेंब घ्यायचा, ओघळू द्यायचा नाही, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नीट वाळू द्यायचं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ते असतंच. पॉलिश पेपर घासू नका. वरचा मुलामा गेला की तिथं गंज कायमचा मुक्कामाला येतो.

आणि दार! बॅटरीचं दार लागलंय की नाही हे कळायला बऱ्याच कॅमेऱ्यांत एक बारीक खटका असतो. तो दबला नाही तर कॅमेरा ठार बंद, दिवासुद्धा लागत नाही. कॅननच्या जुन्या डीएसएलआरमध्ये (लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे) मेमरी कार्डाचं दार उघडं राहिलं तरी हेच. सेलवाल्या कॅमेऱ्यांत स्प्रिंगचा दाब सतत दारावर असतो, त्यामुळे दाराची प्लास्टिकची खाच आधी तुटते. अंगठ्यानं दार गच्च दाबून बटण दाबायचं. चालू झाला तर दोष फुकटात सापडला. अजून नाही? कार्ड काढून बघा, कारण बिघडलेल्या कार्डावरही कॅमेरा अडकून बसतो.

चपट्या लिथियम बॅटरीवाल्यांना मी एकच सांगतो: चालती बॅटरी उसनी आणा. कोल्हापुरात लग्नाचे फोटोग्राफर काही कमी नाहीत, कुणाकडे तरी तुमच्या मॉडेलची निघतेच. नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका. ७.४ व्होल्टची बॅटरी भरल्यावर ८.४ दाखवते, म्हातारी बॅटरीही तेवढं दाखवते आणि ओझं पडलं की मान टाकते. निकॉन डी ९० सारख्या कॅमेऱ्यात मेनूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ४ दिसलं तर बदला. चालत्या बॅटरीवर बघितल्याशिवाय ‘बोर्ड गेला’ म्हणणारा माणूस अंदाज करतोय, एवढं ध्यानात ठेवा.

तारखेचं आणखी सोपं आहे. घड्याळाला आत वेगळी बारकी बॅटरी असते. कॅननच्या ४००डीमध्ये सीआर २०१६ बटण सेल आहे, तो बदलला की काम झालं. डी ९० मध्ये ती मुख्य बॅटरीवरूनच चार्ज होते. दोन दिवस भरलेली बॅटरी आत ठेवली तर सुमारे तीन महिने घड्याळ चालतं. दहा वर्षं कपाटात राहिलेला कॅमेरा तारीख विसरणारच की.

‘पूर्ण संपवून चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला तो उलट मारक आहे. अगदी तळाला गेली की आतलं संरक्षक सर्किट जोडणी तोडतं, मीटरवर शून्य दिसतं आणि चार्जरही तिला ओळखत नाही. अशीला वायर लावून धक्का देणारे बहाद्दर आहेत. तुम्ही होऊ नका. फुगलेली बॅटरी तर वापरायचीच नाही. बारा तासांचंही तेच, चार्जरचा दिवा सांगेल तेव्हा काढा.

एमएएच म्हणजे टाकी किती मोठी. कॅमेरा लागेल तेवढाच करंट ओढतो. जुळवायचं असतं ते व्होल्टेज. निकॉनची ईएन-ईएल १४ ही १०३० एमएएचची, नंतरची १४ए १२३०ची, आणि त्याच कॅमेऱ्यांत ती चालते. काही जळलं नाही. मात्र त्याच आकारात दुप्पट एमएएच छापलेली स्वस्त बॅटरी दिसली तर ती छपाई आहे, बॅटरी नव्हे.

फ्रीजर? आत दव धरेल. पुढे चला.

बोर्ड कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. निकॉन डी ७० मध्ये कार्डाचा हिरवा दिवा नुसता लुकलुकत राहायचा आणि कॅमेरा काही करायचा नाही; तो खरोखर आतला दोष होता, कंपनीनंही मानला. आपल्याकडे तर २०१९ आणि २०२१ चा महापूर आहे. पुराच्या पाण्यात राहिलेल्या कॅमेऱ्याच्या बोर्डाला गंज चढतो, तो आज चालला तरी उद्याचा भरवसा नाही. जुना घेताना स्क्रूच्या डोक्यांवर आणि बॅटरीच्या खोबणीत हिरवट थर दिसला तर भावाची घासाघीस न करता परत या.

कॅमेरा मात्र घरी उघडू नका. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला, खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ आहे, म्हणून हात शिवशिवतात हे मान्य. पण त्यांच्या कॅमेऱ्यात फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर नव्हता. आपल्या छोट्या डब्यात तो ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि सेल काढले तरी लगेच उतरत नाही.

पुतणीच्या कॅमेऱ्याची खाच तुटली होती. बदली दार मिळेपर्यंत तो रबरबँडवर चालतोय. रंकाळ्याचे फोटो रोज येतात, सगळ्यांवर तारीख १ जानेवारी २००८.

“अगं, तारीख लाव की,” म्हटलं.

“राहू दे काका, जुनी तारीखच भारी दिसते.”