खाडीतला कार्बन डोंगरावरच्या रोपांनी भरून निघत नाही

ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या आत्याने सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘पटतंय रे मला हे.’ तिच्यासारख्या निवृत्त शिक्षिकेलाही तो पटला, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे की, कार्बन लाकडात साठतो, चिखलात नव्हे. म्हणून कांदळवनावर, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांच्या जंगलावर, भराव घालून तिप्पट रोपे डोंगरावर लावली की हिशेब पुरा होतो. शिवाय चिखलातून निघणारा मिथेन हा हवा तापवणारा वायू थांबतो. आणि शेत काय, बाग काय, जंगल काय, हिरवळ ती हिरवळच.

यांतला पहिला दावा सर्वांत घातक आणि संपूर्ण उलटा आहे. संशोधक डोनाटो व सहकाऱ्यांनी हिंद-प्रशांत पट्ट्यातील २५ कांदळवनांतल्या कार्बनची मोजणी २०११ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिथे हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला आणि त्यातला ४९ ते ९८ टक्के वाटा मातीत होता, जिचा थर अर्ध्या मीटरपासून तीन मीटरहून अधिक खोल होता. हे आकडे ठाणे खाडीचे नव्हेत, पण कारण इथेही तेच आहे. भरतीच्या पाण्याने चिखल सतत भिजलेला राहतो, आत प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे तिवरांची पाने-मुळे पुरती कुजत नाहीत आणि थरावर थर साचत जातात. बांध घालून भरती अडवली, गाळ उपसला, तो सुकला, की शतकांची ही साठवण कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाऊ लागते. भरावाखाली काही कार्बन गाडलेला राहील, हे मान्य. पण दर भरतीला येणाऱ्या गाळाची नवी भर तिथे थांबते ती थांबतेच. ‘तिप्पट रोपे’ लिहिणाऱ्याने चिखल हिशेबात धरलेलाच नाही. डोंगरउतारावरच्या उथळ, मुरमाड मातीत तीन मीटरचा असा थर येणार कुठून?

मिथेनविषयी अर्धे सत्य आहे. समुद्राच्या पाण्यातील सल्फेट या क्षारामुळे मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव मागे पडतात, म्हणून खाऱ्या चिखलातून तो कमी निघतो. जिथे गोडे पाणी आणि सांडपाणी मिसळते, तिथे मात्र मिथेन वाढतो. ठाणे खाडीत सांडपाणी येते, तेव्हा शुद्धीकरण सांडपाण्याचे करावे.

‘हिरवळ ती हिरवळच’ यावर फार लिहायला नको. गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी २००२ मध्ये घेतलेल्या आढाव्यात मूळ जंगलाचे शेत झाले तिथे मातीतला कार्बन सरासरी ४२ टक्क्यांनी, तर जंगलाच्या जागी झाडांची लागवड केली तिथेही १३ टक्क्यांनी घटला. शेतजमिनीवर झाडे लावली तेव्हा तो १८ टक्क्यांनी वाढला. म्हणून पडीक भातखाचरांत झाडे जरूर लावावीत, मात्र खाडीकाठच्या तोडीची भरपाई म्हणून नव्हे.